ऑडिट कारखान्याच्या गेटपाशी थांबतं : बीडचा कोयता आणि मोठ्या कंपन्यांची साखर

मोठ्या कंपन्यांची सप्लाय चेन जबाबदार कशी करायची हा विषय निघाला की लोक बांगलादेशातल्या कपड्यांच्या फॅक्टऱ्यांचं नाहीतर आफ्रिकेतल्या कोकोचं उदाहरण देतात. बरोबर आहे ते, पण आपल्या दारातलं उदाहरण तितकंच मोठं आहे आणि आपल्याला ते रोज दिसतं. विषय साखरेचा आहे. कोल्ड्रिंक, बिस्कीट, चॉकलेट, खोकल्याचं सिरप, या सगळ्यात जी साखर जाते त्यातली बरीच महाराष्ट्रातल्या कारखान्यांतून जाते आणि त्या साखरेला पहिला हात लागतो तो बीडकडून आलेल्या ऊसतोड जोडप्याचा. माझं काम पुण्यात सप्लायर ऑडिटशी, म्हणजे मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांच्या तपासणीशी, संबंधित आहे आणि नातेवाईक बीडकडचे, त्यामुळे या साखळीची दोन्ही टोकं मला जवळची आहेत, म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर मांडतोय.

आधी काय घडलं ते बघू.

२०१९ च्या एप्रिलमध्ये बातमी आली की बीड जिल्ह्यातल्या काही गावांत गर्भाशय असलेल्या बायका शोधाव्या लागतील अशी परिस्थिती आहे, कारण ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भपिशवी काढायची ऑपरेशनं फार मोठ्या प्रमाणात झालीयत. गदारोळ झाला, राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली, जूनमध्ये विधिमंडळात सरकारने सांगितलं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी हॉस्पिटलमध्ये अशी ४,६०५ ऑपरेशनं झाली. मग नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षण झालं ८२,३०९ ऊसतोड महिलांचं, आणि त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्ही सर्वेक्षणांचे वयोगट आणि पद्धत वेगळी असेल हे धरून चाललं तरी एवढा फरक कुठल्याही हिशोबाने समजावता येत नाही.

त्यानंतर बीडमध्ये खासगी डॉक्टरांना असं ऑपरेशन करायच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असा नियम आला. चांगलंच झालं. पण त्या वेळी चर्चा पूर्णपणे डॉक्टरांभोवतीच फिरली, लुटारू डॉक्टर, अडाणी बायका, संपला विषय. साखर कोण विकत घेतं हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

तो विचारला गेला मार्च २०२४ मध्ये. न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट ही अमेरिकेतली पत्रकारांची संस्था या दोघांनी मिळून मोठा शोध छापला, आणि त्यात साखळी दुसऱ्या टोकापर्यंत नेली : कोका-कोला आणि पेप्सी यांच्यासाठी साखर महाराष्ट्रातल्या कारखान्यांतून जाते, त्या कारखान्यांचा ऊस तोडणाऱ्यांमध्ये बालविवाह आहेत, कर्जाची बांधिलकी आहे, लहान मुलं उसाच्या फडात आहेत आणि ही ऑपरेशनं आहेत. आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही की कोका-कोलाच्याच सल्लागारांनी २०१९ मध्ये महाराष्ट्रात फिरून मुलं ऊस तोडतायत आणि मजूर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायला राबतायत हे लिहून कंपनीला दिलेलं होतं. म्हणजे माहिती होती, कागदावर होती. पेप्सिकोने त्यांच्या एका मोठ्या फ्रँचायझीची साखर महाराष्ट्रातून येते हे मान्य केलं. कोकच्या नवीन फॅक्टरीचं भूमिपूजन तर नोव्हेंबर २०२३ ला आपल्या कोकणात, लोटे परशुरामला झालं. तेव्हा अमेरिकेतला पेपर आपली बदनामी करतोय असं म्हणून हे सोडून देता येत नाही.

आता साखळी कशी चालते ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

दसरा-दिवाळी झाली की बीड, पाथर्डी-शेवगाव, जालना, परभणी, धाराशिव या पट्ट्यातून गाड्या भरून लोक निघतात, पत्र्याची पेटी, भांडीकुंडी, शेळ्या, म्हातारी, तान्हं पोर सगळं घेऊन, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे नाहीतर सरळ कर्नाटकात जातात. किती लोक जातात याचा नेमका आकडा कुणाकडेच नाही, ८ ते १० लाख असा अंदाज सांगितला जातो. नेमका आकडा नसणं हीच मुळात मोठी गोष्ट आहे, कारण राज्यातल्या दोनशेच्या आसपास कारखान्यांना ऊस किती आला हे किलोपर्यंत माहीत असतं.

कारखाना मजुराशी करार करत नाही. तो करार करतो वाहतूकदाराशी नाहीतर मजूर पुरवणाऱ्या मुकादमाशी, की बाबा एवढा ऊस तोडून काट्यावर आणून दे. त्यासाठी ॲडव्हान्स देतो. वाहतूकदार मुकादमाला देतो, मुकादम गावात येऊन पावसाळ्यातच जोडप्यांना उचल वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल कोयत्यावर मिळते आणि ती नवऱ्याच्या हातात पडते. बायको निम्म्याहून जास्त काम करते पण हिशोबाच्या वहीत तिचं नाव नसतं. ती ऊस साळते, वाढ्याने, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पानांनी, मोळी बांधते, मग तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढते, खाली उतरते, परत दुसरी. पोटुशी असली तरी. आणि हे सगळं करायच्या आधी पहाटे उठून कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीवर, भाकऱ्या थापून झालेल्या असतात. एकटा माणूस अर्धाच कोयता धरला जातो, मुकादमाला जोडीच हवी असते, म्हणून पोरीचं लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी उरकायची घाई होते. बालविवाहाचं एक कारण इथं या धंद्याच्या रचनेतच बसवलेलं आहे, निव्वळ प्रबोधन करून ते जाणार नाही.

आता एका कोयत्याचा हिशोब मांडून बघूया, कारण मला वाटतं अख्खं प्रकरण या हिशोबात आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाले. समजा एका जोडप्याने १ लाख रुपये उचल घेतली. ती फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. चांगली जोडी दिवसाला धरा २ टन तोडते. म्हणजे १३७ दिवस. पण हंगाम एवढा चालतोय कुठं? पाऊस कमी झाला, ऊस कमी आला, कारखान्यांची संख्या वाढली की तीन-साडेतीन महिन्यांत पट्टा पडतो. ११० दिवस धरले तर कमाई होते ८०,५२० रुपये. राहिले साडेएकोणीस हजार अंगावर. त्यात आठवड्याला बाजाराला जी खर्ची घेतली ती याच खात्यात लिहिली जाते. आजारी पडलात, बाळंत झालात, पोराला ताप आला आणि एक दिवस फडात गेला नाहीत तर खाडा. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर पाचशे-हजार रुपये दंड लागतो. वाढं विकून चार पैसे मिळतात तेवढाच हातखर्च. फिटलं नाही तर राहिलेली रक्कम पुढच्या वर्षी, म्हणजे पुढच्या वर्षी पण त्याच मुकादमाकडे जायचं. कागदावर देशात वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद आहे.

या हिशोबात बाईची पाळी कुठं बसवायची सांगा. फडात संडास नाही, पाण्याचा टँकर आला तर आला, कपडा धुवायला जागा नाही, आणि चार दिवस अंग दुखलं म्हणून बसली तर चार खाडे. इन्फेक्शन होतं, अंगावर काढतात, मग हंगाम संपल्यावर गावाकडच्या खासगी डॉक्टरकडे गेलं की तो म्हणतो पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाका. पंचविशी-तिशीतल्या बायका, दोन-तीन लेकरं झालेली, त्यांना ते सोयीचं पण वाटायला लागतं, कटकट गेली एकदाची. ऑपरेशनचे पंचवीस-तीस हजार परत मुकादमाकडूनच उचल. मग पुरेशी विश्रांती न घेता परत मोळी डोक्यावर, आणि पुढं कंबरदुखी, सांधेदुखी, चक्कर, हाडं ठिसूळ. कुणी एका माणसाने यांना ऑपरेशन कर म्हणून जबरदस्ती केली असं दरवेळी सापडणार नाही. खाडा, उचल, संडास नसणं आणि डॉक्टरची भीती हे चारही एका बाजूला ढकलतात आणि बाई तिकडं जाते.

आता ऑडिटकडे येतो. आमच्याकडे जे प्रश्न विचारले जातात त्यात एक ठरलेला प्रश्न असतो, तुमच्या आस्थापनेत १८ वर्षांखालचे कामगार आहेत का. कारखाना लिहितो नाही. आणि ते शंभर टक्के खरं असतं, कारखान्यात नाहीतच, बॉयलरवर नाही, पॅनवर नाही, गोडाऊनला नाही. किमान वेतन देता का, हो. पीएफ, हो. महिला कामगारांना स्वच्छतागृह, हो, ऑफिसच्या मागे आहे. सगळी उत्तरं खरी आणि तरी त्या साखरेतलं सगळ्यात जास्त कष्टाचं काम करणारी बाई या कागदात कुठंच नाही, कारण कारखान्याच्या मते ती त्यांची कामगार नाही, मुकादमाच्या मते तो फक्त मध्यस्थ, आणि शेतकऱ्याच्या मते तोडणी कारखाना करतो आणि तोडणी-वाहतुकीचे पैसे माझ्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान दरातून, कापतो तर माझा काय संबंध. तिघंही आपापल्या जागी कायद्याचा आधार सांगू शकतात. मालक कोण हा प्रश्न अनुत्तरित ठेवण्यावरच हा धंदा इतकी वर्षं चाललाय असं माझं स्पष्ट मत आहे.

बोनसुक्रो नावाची लंडनची संस्था उसासाठी प्रमाणपत्र देते, तिच्या नियमांत बालमजुरी नको, वेठबिगारी नको हे सगळं आहे. महाराष्ट्रातल्या कारखान्यांनाही हे प्रमाणपत्र मिळालेलं आहे आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या शोधात नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. मला प्रमाणपत्र वाईट वाटत नाही, पाणी, खत, जमीन यांच्या नोंदी त्यामुळे सुधारतात. पण ऑडिटर हंगामात दोन-तीन दिवस येणार, कुठल्या टोळीकडे न्यायचं हे कारखान्याचा शेती विभाग ठरवणार, शेजारी चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा फडावरचा माणूस, उभा असणार, आणि मजुराला विचारणार तुम्हाला काही त्रास आहे का. अंगावर लाखाची उचल असलेला माणूस काय उत्तर देणार? बायकांशी तर बोलणं होतच नाही, त्या मोळ्या वाहत असतात.

कारखान्यांची बाजू पण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला आणि तो पुढची कित्येक वर्षं तिथंच राहिला, त्याच काळात एफआरपी क्विंटलला २७५ वरून २०२५-२६ ला ३५५ वर गेली. ॲडव्हान्स देण्यासाठी कारखाना नाहीतर वाहतूकदार बँकेचं कर्ज काढतो आणि मुकादम पैसे घेऊन येतच नाही असे प्रकार सांगली-कोल्हापुरात ढिगाने झालेत, ट्रॅक्टरवाले देशोधडीला लागलेत. मुकादम पण बऱ्याचदा काल-परवापर्यंत कोयता धरलेलाच माणूस असतो, टोळी पळून गेली तर वसुलीला लोक त्याच्या दारात येतात. म्हणून एकट्या मुकादमाला खलनायक करून प्रश्न सुटणार नाही. उचलीच्या धाग्यात कारखान्यापासून मजुरापर्यंत सगळे एकमेकांना बांधलेले आहेत, फक्त धागा सगळ्यात घट्ट आवळतो तो शेवटच्या गळ्याला.

मग कंपन्या काय करू शकतात? इथं मला एक हिशोब सगळ्यांनी करून बघावा असं वाटतं. १ टन उसातून साधारण १०० किलो साखर निघते, थोडी जास्तच. तोडणीचा दर टनाला १०० रुपयांनी वाढवला तर साखरेवर किलोला १ रुपया बोजा पडतो. कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर असते, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत २६ ग्रॅमच्या आसपास. १ रुपया किलोने त्या बाटलीवर येणारा बोजा अडीच पैसे. अडीच पैसे! आणि तिकडं त्या कोयत्याच्या ११० दिवसांच्या हिशोबात त्याच १०० रुपयांनी २२,००० रुपये वाढतात, उचल फिटते आणि वर अडीच हजार हातात राहतात. परवडत नाही हे कारण कारखान्याच्या तोंडी एकवेळ शोभेल, ब्रँडच्या तोंडी अजिबात शोभत नाही.

पण नुसता दर वाढवून ते पैसे खालपर्यंत पोचतील याची खात्री नाही, म्हणून मागणी फक्त दराची असून चालणार नाही. खरेदीच्या करारातच ब्रँडने लिहायला पाहिजे की तोडणीचा प्रत्येक मजूर, बाई वेगळी आणि माणूस वेगळा, नावानिशी नोंदलेला असेल, मजुरीचे पैसे दोघांच्या वेगवेगळ्या बँक खात्यात जातील, खाडा कापला जाणार नाही, वजनाच्या पावतीची एक प्रत टोळीला मिळेल. पावतीचं महत्त्व बाहेरच्या माणसाला कळत नाही. काट्यावर गाडीचं वजन होतं तेव्हा टोळी पुढच्या फडात असते, किती टन भरले हे मुकादम सांगेल तेच. आज बहुतेक कारखान्यांत हा काटा कॉम्प्युटरला जोडलेला आहे, शेतकऱ्याला मोबाइलवर मेसेज जातो तुमचा अमुक टन ऊस आला म्हणून, तोच मेसेज तोडणाऱ्या जोडीला जायला काहीही अडचण नाही. खर्च जवळपास शून्य. आणि या एका गोष्टीने ऑडिटरला पण पहिल्यांदा खरा डेटा मिळेल, कारण तोडलेले टन, दिलेले पैसे आणि कापलेली उचल हे तीन आकडे शेजारी ठेवता येतील.

सरकारी बाजूने काहीच झालं नाही असं नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ झालं, २०२२ मध्ये पुण्यात ऑफिस सुरू झालं, कारखान्यांनी टनाला १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे अशी योजना आहे, मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहं आहेत. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या लोकांच्या हालांची दखल घेतली. मकाम म्हणजे महिला किसान अधिकार मंचाच्या बायका वर्षानुवर्षं बाईची वेगळी नोंद करा हे मागतायत. गोऱ्हे समितीने हंगामाच्या आधी आणि नंतर आरोग्य तपासणी सुचवली होती. ही तपासणी कारखान्याने आपल्या खर्चाने, गटवार, महिला डॉक्टरकडून करून घ्यायची अट ब्रँडने घातली तर पुढच्याच हंगामात ती दिसेल, शासन निर्णयाची वाट बघत बसायची गरज नाही.

कायद्याच्या बाजूला मोठी फट आहे ती सांगतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने मोठ्या हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि समाजाबाबतच्या जबाबदारीचा, अहवाल सक्तीचा केला, त्यात पुरवठादारांची माहिती पण हळूहळू आणायची होती, पण तो भाग नंतर ऐच्छिक करून टाकला. शिवाय सहकारी कारखाने लिस्टेड नाहीतच, त्यांच्यावर यातलं थेट काहीच लागू होत नाही. युरोपचा सप्लाय चेनचा कायदा २०२४ मध्ये आला आणि लगेच तो सौम्य करायची धावपळ सुरू झाली. म्हणून आज तरी खरेदीदाराच्या करारातली अट हाच सगळ्यात जोरदार दोर आहे, आणि तो ओढायची ताकद फक्त मोठ्या खरेदीदारांकडे आहे.

दोन गोष्टी राहिल्या. एक, पाणी. सस्टेनेबल साखर म्हटलं की कंपन्या ठिबकचे आकडे दाखवतात, ठिबक चांगलंच आहे, पण ज्या दुष्काळामुळे बीडचा माणूस घर सोडतो तोच दुष्काळ या हिशोबात धरला जात नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी नेलं ते मिरजेहून, उसाच्या पट्ट्यातून. ज्या गावात खरीप सुद्धा हाती लागत नाही तिथं सहा महिने घरी बसून खायचं काय? गावाकडं पाणलोटाचं, शेळीपालनाचं, रोजगार हमीचं काम उभं राहिलं तरच मजूर मुकादमाला दर विचारू शकतो, तोपर्यंत उचल म्हणेल ती आणि अटी म्हणतील त्या.

दुसरी, यंत्र. हार्वेस्टर वाढतायत, सरकारने ९०० यंत्रांना अनुदान जाहीर केलं होतं, आणि बरेच कारखानदार म्हणतात आता पाच-सात वर्षांत मजुरांचा प्रश्नच मिटेल. लहान तुकडे, अरुंद सऱ्या, पावसात चिखल यामुळे सगळीकडे यंत्र चालणार नाही हे एक, आणि जिथं चालेल तिथं सपाट, मोठे, सोपे फड यंत्राला जाणार, पडलेला, लोळलेला, वाटेपासून लांबचा ऊस माणसाला राहणार. त्याच दराने. २ टन जिथं व्हायचे तिथं दीड होणार, आणि वरचा उचलीचा हिशोब आणखी बिघडणार. तेव्हा यंत्र घेणाऱ्या कारखान्याला ब्रँडने विचारायला पाहिजे की अवघड फडाचा दर वेगळा लावणार का, आणि तुमच्याकडे दहा-पंधरा वर्षं येणाऱ्या टोळ्यांच्या अंगावरच्या थकलेल्या उचलीचं तुम्ही काय करणार आहात, माफ करणार की वसूल करणार.